बुढी काय बोलली

मुका सिनेमा मुका होता असं जे लिहितात, त्यांनी तो गोंदियात पाहिलेला नाही. आमच्या तंबूत पेटी वाजे, तबला वाजे, यंत्र घरघरे, लोक शेंगा सोलत, पोरं रडत, आणि या सगळ्यांच्या वर माझा आवाज असे. पडद्याच्या बाजूला उभं राहून बोलायचं, हे माझं काम. या कामाला धड नावसुद्धा नव्हतं. जाहिरातीच्या कागदावर यंत्राचं नाव छापत, पेटीवाल्याचंही छापत, माझं कधी छापलं नाही. तंबूचे मालक सेठजी मला मास्टर म्हणत आणि खेड्यावरची माणसं 'बोलनारा' म्हणत. या अंकाच्या संपादकांनी सिनेमाच्या धंद्यातले गमतीदार अनुभव मागितले आहेत. गंमत माझ्यापाशी फारशी शिल्लक नाही. जे शिल्लक आहे ते देतो.

काम काय होतं ते नव्या मंडळींना सांगायला हवं. त्या चित्रांत माणसं ओठ हलवत, मग मध्येच अक्षरांची पाटी येई. ती इंग्रजीत असे, गुजरातीत असे, नशीब असेल तर हिंदीत. आमच्या तंबूत बसणारे कोण? धान विकायला आलेले शेतकरी, गिरणीतले हमाल, बिड्या वळणाऱ्या बाया, कचारगडाकडची जंगलातली माणसं. त्यांना पाटी वाचता येत नव्हती आणि ज्यांना येत होती त्यांचं वाचून होण्याआधी ती निघून जाई. म्हणून मी वाचायचो आणि झाडीबोलीत सांगायचो, स्टेशनाकडच्या लोकांसाठी हिंदीत फिरवायचो, हशा हवा असला तर एखादा शब्द पोवारी बोलीत टाकायचो. पाटीवर एक ओळ असली तर माझ्या तोंडून चार निघत. पाटी नसली तरी निघत.

गर्दी झाली की पडदा पाण्यानं भिजवून अर्धी माणसं मागच्या अंगाला बसवत. ओल्या कापडातून चित्र तिकडूनही दिसे, फक्त उलटं. त्यामुळे केशोरीकडच्या कित्येकांना शपथेवर वाटायचं की आप्पासाहेबांचा किल्लेदार डावखुरा होता. मी कधी दुरुस्ती केली नाही. उलट एका खेळात मी त्याला डावखुरा म्हणून हाक मारली आणि पडद्यामागून टाळ्या घेतल्या.

आप्पासाहेब म्हणजे त्या काळचे मोठे चित्रकर्ते. त्यांची चित्रं आली की आमचा तंबू भरे आणि त्यातही किल्लेदाराचं चित्र दर वर्षी धान निघालं की यायचंच. म्हातारा किल्लेदार वेढ्यात सापडलेला, शत्रूचा वकील दरवाज्याची किल्ली मागतो, किल्लेदार ती विहिरीत टाकतो. पाटीवर एवढंच होतं: किल्लेदार नकार देतो. आता एवढ्यावर कोण उठून टाळी देणार? मी पेटी थांबवायची खूण करायचो, किल्लेदाराचे ओठ हलू लागले की छाती भरून म्हणायचो, "दरवाजा खोलाले चाबी लागते गा. मराले चाबी लागत नाय." तंबू उसळायचा. पुढे पुढे लोकच माझ्यासोबत ते म्हणू लागले. गिरणीत हमाल पोती उचलताना म्हणत, कोर्टाच्या आवारात पक्षकार म्हणत. आप्पासाहेबांनी काय लिहिलं आहे, म्हणून लोक माना डोलावत. मला बरं वाटायचं. आपलं पोर दुसऱ्याच्या नावावर मोठं होताना पाहावं तसं ते बरं वाटणं होतं, आणि त्यात काय दुखतं ते कळायला मला पुष्कळ वर्षं लागली.

मग बोलपट आला. सेठजींनी तंबू मोडून पक्कं थिएटर बांधलं. यंत्र लागलं, भोंगे लागले आणि पहिल्या खेळाच्या सकाळी ते मला म्हणाले, "मास्टर, अब तो परदा खुद बोलता है." मी समजलो. दुसऱ्या दिवसापासून दारावर उभा राहून तिकिटं फाडू लागलो. ज्या लोकांना मी हसवलं-रडवलं, त्यांच्या हातातला कागद फाडून अर्धा परत देणं, हे माझं काम झालं. कुणी वाईट वागवलं नाही, हे कबूल करतो. जुने लोक तिकीट देताना किल्लेदाराचं वाक्य म्हणत आणि आत जात. ते माझं आहे हे त्यांच्याही आता लक्षात नव्हतं.

लढाईच्या काळात आप्पासाहेबांचं शेवटचं चित्र गोंदियाला आलं. त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की पुष्कळ जण म्हणतील, आम्ही पाहिलं होतं. पाहिलं असतं तर ते आज असतं. मुंबई-पुण्याला ते पडलं होतं, नागपूरला दोन-चार खेळांत उतरवलं होतं आणि वर्तमानपत्रांनी लिहिलं होतं की आप्पासाहेबांनी आता विश्रांती घ्यावी.

पेट्या घेऊन ते स्वतः आले. हमालाच्या डोक्यावर पत्र्याच्या पेट्या आणि मागे धोतर, बंद गळ्याचा कोट, उन्हानं काळवंडलेला चेहरा. मी त्यांना मुनीम समजून ऑफिसात बसवलं होतं. नाव सांगितलं तेव्हा मी उठून उभा राहिलो. मी पाणी आणून दिलं. गोष्ट साधी होती, त्यांनी ती लपवलीही नाही. चित्राची एवढी एकच प्रत उरली होती आणि ती सावकाराकडे गहाण होती. रायपूरचा एक थिएटरवाला म्हणाला होता, गोंदियात आठवडा टिकलं तर घेतो. नाही टिकलं तर पेट्या सावकाराच्या ताब्यात जाणार होत्या आणि सावकार त्या धुवायला देणार होता. लोकांना हे ठाऊक नसतं. पडेल चित्राची फीत धुऊन तिच्यातली चांदी काढतात आणि उरलेल्या पट्टीच्या बांगड्या करतात.

चित्र मी दारातून पाहिलं. खरं सांगायचं तर पहिला अर्धा भाग मलाही जड गेला. गाणी बेताची होती, सुनेचं काम करणारी बाई उगाच डोळे मोठे करायची. गोष्ट दोन भावांची. धाकटा भाऊ जमिनीसाठी कोर्टात खोटी साक्ष देतो, थोरला काळ्या पाण्याला जातो आणि तिकडेच मरतो. पुष्कळ वर्षांनी धाकटा आईच्या दारात येतो. आई म्हातारी झालेली आहे. इथून पुढे एक अख्खं रीळ कुणी एक शब्द बोलत नाही. ती उखळात कांडत असते, ती कांडत राहते. मग चूल पेटवते. भात रांधते. दोन थाळ्या मांडते, एक त्याच्यापुढे, एक रिकाम्या पाटापुढे. दोन्हींत वाढते. तो जेवतो. मुसळाचा आवाज, लाकडाचा आवाज, त्याच्या जेवणाचा आवाज. तो उठतो, दाराशी थांबतो, निघून जातो. ती दुसरी थाळी तशीच ठेवून बसून राहते. संपलं.

म्हातारी कांडायची थांबली तेव्हाच मागून कुणी तरी ओरडलं, "आवाज." मग चारी बाजूंनी ओरडा. लोकांना वाटलं, भोंगा बंद पडला. आमचा ऑपरेटरही घाबरला आणि फितीवरचा आवाज उठवणारा दिवा तपासत बसला. माणसं शिट्ट्या वाजवत होती, बाकं बडवत होती आणि पडद्यावर ती म्हातारी शांतपणे भात वाढत होती. मी दारात उभा होतो. इतकी वर्षं मी पडद्यापाशी उभा राहिलो, पण पडद्यावरचं माणूस काय करतंय हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. आधी मी बोलत होतो ना.

खेळ सुटल्यावर केशोरीकडचं एक जोडपं दाराशी रेंगाळलं. भागरताबाई आणि तिचा नवरा तुळशीराम. बाजाराला आले की एक खेळ पाहून छोट्या लायनीच्या गाडीनं परत जायचे, तंबूच्या दिवसांपासूनची ओळख. बाईनं मला थेट विचारलं.

"त्या बुढीनं पोराले माफ केलं का नाय केलं, बोलनाऱ्या?"

मी म्हटलं, मला ठाऊक नाही. तुळशीराम म्हणाला, "माफ नसतं केलं त जेवाले काऊन वाढलं असतं?"

"मंग दुसरी थारी कायले मांडली? त्याले दाखवालेच ना," ती म्हणाली.

ते भांडत भांडत स्टेशनाकडे गेले. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. माझ्या किल्लेदारावरून कुणी कधी भांडलं नव्हतं, सगळे एका सुरात टाळ्या वाजवून घरी जात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेठजींच्या गादीवर बैठक बसली. चित्र ठेवायचं की उतरवायचं, हा प्रश्न. सेठजींना सिनेमातलं फारसं कळत नसे, म्हणून ते असल्या वेळी भाऊसाहेब वकिलांना बोलवत. भाऊसाहेब वाईट माणूस नव्हते. सिनेमावर त्यांचं मनापासून प्रेम होतं, आप्पासाहेबांचं प्रत्येक चित्र त्यांनी पाहिलं होतं, तंबूत सुद्धा पहिल्या बाकावर बसायचे. आप्पासाहेब तिथेच बसले होते, तरी ते आदरानं पण स्पष्ट बोलले. म्हणाले, उतारवयात हात थकतो, त्यात लाज नाही. आईला काय वाटतं हे लिहिणाऱ्यालाच ठरवता आलेलं नाही, म्हणून त्यानं ते प्रेक्षकावर ढकललं. साक्षीदार गप्प बसला की कोर्ट त्याचा अर्थ त्याच्या विरुद्ध लावतं, आम्ही तरी दुसरं काय करणार?

या म्हणण्यात जोर होता, हे मी आजही मान्य करतो. पण पुढे ते म्हणाले, "आप्पासाहेब, तुमची माणसं काय बोलायची! 'दरवाजा खोलाले चाबी लागते, मराले चाबी लागत नाय.' कुठे तो किल्लेदार आणि कुठे ही मुकी म्हातारी? बोलपट आल्यावर तुम्ही बोलणंच विसरलात."

मला राहवलं नाही. मी दारावरचा माणूस, बैठकीत माझं काय काम? तरी म्हणालो, "भाऊसाहेब, तो किल्लेदार मुका होता. ते वाक्य माझं आहे."

सगळे हसले. भाऊसाहेबांनी प्रेमानंच माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "मास्तर, तुम्ही ते म्हणत होता खरं. गाणारा म्हणजे काही गाणं लिहिणारा नव्हे." मी म्हणालो, पाटीवर फक्त 'नकार देतो' एवढं होतं. ते म्हणाले, "मी स्वतः वाचलं आहे." त्यांनी वाचलं होतं यावर त्यांचा पक्का विश्वास होता. शपथ देऊन साक्ष घेतली असती तरी त्यांनी तेच सांगितलं असतं आणि ती खोटी साक्ष झाली नसती. मी आप्पासाहेबांकडे पाहिलं. आता तरी ते म्हणतील, हा माणूस खरं सांगतो आहे.

ते म्हणाले, "माझा किल्लेदार सोलापुरात वेगळं बोलतो, इंदुरात वेगळं बोलतो. सगळीकडे लोक मला त्याची वाक्यं ऐकवतात आणि मी मान डोलावतो. त्याच्या तोंडी मी एक अक्षर घातलं नव्हतं. मुक्या चित्रात मला कुणाला गप्प ठेवता आलं नाही, प्रत्येक गावात एक तुमच्यासारखा उभा होता. बोलपट आला तेव्हा मला वाटलं, आता ते जमेल."

भाऊसाहेबांना हा विनय वाटला. मला ती थप्पड वाटली. मी आप्पासाहेबांच्या बाजूनं बोलायला उठलो होतो आणि त्यांनी मला आपल्या गुन्हेगारांत बसवलं. आणि ते बरोबर होतं, हे जास्त झोंबलं.

सेठजींनी या सगळ्यातून आपल्या कामाचं तेवढं उचललं. ते म्हणाले, "तो मास्टर को फिर खड़ा कर दो. जहाँ बुढ़िया चुप है, वहाँ ये बोलेगा. हफ्ता निकल जाएगा." भाऊसाहेबांनाही ते पटलं. मी नाही म्हणणार होतो. शब्द ओठांवर आला होता. पण आप्पासाहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, "बोला तुम्ही. आठवडा निघाला पाहिजे." मग सेठजींना म्हणाले, "हे पडद्यापाशी असतील तर दारावर कुणी नको का? दार मी सांभाळतो."

संध्याकाळच्या खेळाला त्यांनी खरोखर दारावर उभं राहून तिकिटं फाडली. कुणी त्यांना ओळखलं नाही. आत मी जुन्या जागी उभा राहिलो. बोलनारा परत आला म्हणून लोकांनी शिट्ट्या मारल्या. ते रीळ सुरू झालं. म्हातारी कांडू लागली आणि मी बोलू लागलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं, कधीच ठरवत नसे. तिनं थाळी पुढे सरकवली, पोरानं मान वर केली नाही, आणि माझ्या तोंडून निघालं, "जेव बापू. पोटाले लाज नसते."

थिएटरात हुंदके ऐकू आले. बाया पदर तोंडाला लावून रडत होत्या. टाळ्या थांबेनात. माझ्या इतक्या वर्षांच्या बोलण्यात याहून चांगलं वाक्य मला सुचलं नव्हतं, हे मला त्याच क्षणी कळलं आणि त्याच क्षणी मला स्वतःचा राग आला. दाराकडे पाहिलं. आप्पासाहेब आत डोकावलेही नव्हते, पाठमोरे उभे राहून रस्त्याकडे बघत होते. भाऊसाहेब धावत त्यांच्यापाशी गेले, त्यांचे हात हातात घेतले आणि डोळे पुसत म्हणाले की हेच वाक्य राहून गेलं होतं.

आठवडा निघाला, भरून निघाला. पुढच्या बाजाराला भागरताबाई नवऱ्यासोबत बहिणीला घेऊन आली, मुद्दाम हे चित्र दाखवायला. खेळ सुटल्यावर मी पडद्यापासून दाराशी आलो. बहीण रडून लाल झाली होती. भागरताबाईचे डोळे कोरडे होते. मी विचारलं, कसं वाटलं?

"चांगलं हाय," ती म्हणाली. मग जरा अवघडून म्हणाली, "पन पयल्या खेपेले ते बुढी जास्त बोलून रायली होती."

तिला मला दुखवायचं नव्हतं. मी म्हटलं, होय बाई, खरं आहे. या खेपेला ती आणि तुळशीराम भांडले नाहीत, सरळ गाडीकडे गेले.

रायपूरवाला शेवटच्या खेळाला आला. खूश झाला. सेठजींना म्हणाला, चित्र घेतो, पण "ये आदमी साथ चाहिए." सेठजी मला सोडायला तयार होते. मीही गेलो असतो, चित्र वाचत होतं म्हणून गेलो असतो. आप्पासाहेब म्हणाले, "एकदा पुरे झालं." रायपूरवाल्यानं खांदे उडवले आणि चित्र न घेताच गेला. पहाटेच्या पाशिंजरला मी त्यांच्या पेट्या चढवून दिल्या. मला काही तरी बोलायचं होतं आणि आयुष्यात पहिल्यांदा तोंडातून शब्द फुटला नाही. गाडी हलली तेव्हा त्यांनी हात वर केला, निरोपाला की मला थांबवायला ते समजलं नाही. पुढे कळलं, सावकारानं पेट्या धुवायला दिल्या. बाजारात बांगड्यांचं दुकान लागलं की मी पलीकडच्या बाजूनं चालतो.

गेल्या वर्षी आप्पासाहेब वारले. गोंदियात त्यांचं शेवटचं चित्र गाजलेलं, म्हणून आमच्या थिएटरात शोकसभा भरली. पडद्यासमोर टेबल, माईक आणि भोंगा लावलेला. भाऊसाहेब मुख्य वक्ते. बाहेरच्या गावच्या लोकांनी आप्पासाहेबांच्या उतारवयातल्या कामाची हेटाळणी केली, पण गोंदियानं ते ओळखलं, असं ते म्हणाले. पुरावा म्हणून त्यांनी घोगऱ्या आवाजात म्हटलं, "जेव बापू. पोटाले लाज नसते. हे लिहिणाऱ्याचा हात थकला होता, असं कोण म्हणेल?" सभेनं टाळ्या वाजवल्या. त्यांना आपलं जुनं मत आठवत नव्हतं आणि मी पडद्यापाशी उभा होतो तेही आठवत नव्हतं. त्यांच्या मनात आता ती म्हातारी स्वतः बोलत होती. ती प्रत आता कुठे नाही, तेव्हा तिला गप्प कोण करणार?

मग सेठजी म्हणाले, आपल्या थिएटरचे जुने नोकर म्हणून मास्टर दोन शब्द बोलतील.

मी उठलो. माईकपुढे उभा राहिलो. समोर तीच माणसं होती, ज्यांना माझ्या तोंडाकडे बघायची सवय होती. सांगायला पुष्कळ होतं. ते वाक्य आप्पासाहेबांचं नाही, असं सांगायचं होतं. त्यांनी त्या बाईला गप्प बसवलं होतं आणि आपण सगळ्यांनी मिळून तिला बोलायला लावलं. पण ते सांगायचं म्हणजे पुन्हा मीच बोलायचं होतं. मी तोंड मिटून उभा राहिलो. आप्पासाहेबांना देण्यासारखं माझ्याकडे तेवढंच होतं. एवढ्या मोठ्या थिएटरात पंख्याचा आवाज येत होता, कुणाच्या तरी खोकल्याचा आवाज येत होता, आणि मला वाटलं, आता ऐकतील, आता एकदा तरी हे लोक ऐकतील.

मागच्या बाकावरून कुणी तरी ओरडलं, "आवाज."